दात न दाबता आलेलं हसू

त्या मंगळवारी देवीने कौल दिला नाही. आमच्या गावच्या सातेरीच्या देवळात गुरवाने गाभाऱ्यापुढच्या कौलाच्या पाषाणावर पाणी शिंपडून उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या. माझ्या मोठ्या जाऊबाई हात जोडून उभ्या राहिल्या. ‘ह्या तुझ्या लेकीच्या डोळ्याक टाके घालूचे की नाय, तां तू सांग गे आवशी,’ असं गाऱ्हाणं गुरवाने माझ्या वतीने तीनदा घातलं. आवस म्हणजे आई. उजवी कळी पडली तर टाके घालायचे, डावी पडली तर थांबायचं, इतका साधा प्रश्न. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, एकही कळी हलली नाही. पाणी सुकलं म्हणून त्याने पुन्हा शिंपडलं, तरीही नाही. शेवटी तो आमच्याकडे वळून म्हणाला, "आज आवस बोलूक तयार नाय. उद्या जाव नकात. बेस्तरवारी जावा, मगे काय तां होवंदे." म्हणजे बुधवारी ठरलेलं आमचं गोव्याच्या इस्पितळात जाणं गुरुवारवर गेलं.

खरं सांगायचं तर मी कौल मानणाऱ्यांतली नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलेली मी बाई. देवीला नमस्कार करायचा, ओटी भरायची, पण आपले निर्णय आपण घ्यायचे, असं माझं होतं. जाऊबाईंचं मन मोडू नये म्हणून मी त्या दिवशी देवळात गेले होते. तरीसुद्धा घरी येताना मला विलक्षण अपमान झाल्यासारखं वाटलं. मी न विचारलेल्या प्रश्नाचंसुद्धा उत्तर तिने दिलं नव्हतं. माझ्यासारखीकडे देवीनेही तोंड फिरवलं, असं मनात आलं आणि मी ते मनातून काढूनही टाकलं नाही. रागाने ते तसंच जपून ठेवलं.

त्याच्या दीडेक वर्ष आधी माझ्या उजव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून मी चार महिने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला. माझा भाऊ मुंबईला असतो, त्याच्याकडे राहून ऑपरेशन झालं, पुढे रेडिएशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी आधीच बसवून सांगितलं होतं की चेहरा हलवणारी नस त्या गाठीतूनच गेली आहे, गाठीबरोबर तीही काढावी लागेल. मी मान हलवली. जीव वाचतोय म्हटल्यावर माणूस कशालाही मान हलवतो. चेहरा हलणार नाही म्हणजे नक्की काय होणार, हे मला घरी आल्यावर कळलं.

उजवा गाल ओल्या कापडासारखा खाली लोंबायला लागला. चहा पिताना उजव्या कोपऱ्यातून ओघळायचा. आणि शाळेत तर माझी फारच फजिती झाली. पहिलीच्या मुलांना अक्षरं कानाने कळतात तेवढीच बाईंच्या ओठांकडे बघून कळतात. प, फ, ब, भ, म ही सगळी अक्षरं दोन्ही ओठ मिटले तरच नीट उमटतात. माझा एकच कोपरा मिटायचा, दुसऱ्याने वारा जायचा. मी फळ्यावर ‘पतंग’ लिहून म्हणायची आणि अख्खा वर्ग एका सुरात ‘फतंग’ म्हणायचा. मुलं चेष्टा करत नव्हती. ती बिचारी बाई म्हणतील तसं म्हणत होती. त्याचंच मला जास्त लागलं. दिवाळीनंतर मी लांबची रजा टाकली आणि घरात बसले.

सगळ्यात वाईट होता तो डोळा. उजवा डोळा मिटेना. झोपताना पापणी हाताने खाली ओढून वर चिकटपट्टी लावायची, दिवसा काळा चष्मा घालायचा, दर तासाला थेंब घालायचे. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून डोळे मिटावे, तर डावा मिटायचा आणि उजवा आपला टक लावून समोर बघत राहायचा. त्या वर्षी मी देवाजवळ बसणंच सोडलं. एवढं सगळं करूनही श्रावणात डोळ्यात जखम झाली. कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की नजर वाचवायची असेल तर दोन्ही पापण्या बाजूने शिवून डोळा अर्धा बंद करायला हवा. त्यासाठी त्यांनी गोव्यातल्या एका मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. कौल लावला तो त्या टाक्यांसाठी.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं कुडाळला गोव्याच्या एसटीत बसलो. वारा डोळ्यात जाऊ नये म्हणून आमचे हे खिडकीशी बसले आणि काच घट्ट लावून घेतली. मी आतल्या बाजूला, तोंडावर ओढणी, डोळ्यावर चष्मा. पलीकडच्या बाकावर पन्नाशीतला एक काटक, सावळा माणूस बसला होता. खांद्यावर टॉवेल, आणि दर थोड्या वेळाने तो त्या टॉवेलाने हनुवटी टिपायचा. तो माझ्याकडे बघत होता. लोक बघतात याची मला सवय झाली होती, पण लोक बघून नजर वळवतात. हा वळवत नव्हता. सावंतवाडी गेली तरी त्याचं बघणं चालूच. बांद्याच्या अलीकडे माझा संयम सुटला.

"काय बघतास हो इतक्यां?" मी विचारलं. शब्द नीट फुटले नाहीत, पण राग पोचला असावा.

तो काही ओशाळला नाही. "वैनीनू, रागवू नकात," तो म्हणाला. त्याचंही बोलणं थोडं बोबडं होतं. "ऑपरेशन झालां तां दिसता. पण ह्या गालाचां अजून कोणी काय करूक नाय?"

"काय करतले? शीर कापली ती कापली," हे मध्येच म्हणाले.

त्यावर तो माणूस हसला. हसताना त्याचं तोंड एका अंगाला जरा ओढलं गेलं, पण हसला मात्र मोकळेपणाने. मग आपल्याच हनुवटीवर टिचकी मारून म्हणाला, "ही हनुवटी बघितलात? ही माज्या पायाची आसा."

मला वाटलं, हा काही शुद्धीवर नाही. पण त्याने तिथल्या तिथे, भर एसटीत, डाव्या पायाची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला घोट्याच्या वरपासून लांबलचक व्रण होता. "हयसून हाड काढल्यानी आणि हंय बसवल्यानी," तो एकदा पायाकडे आणि एकदा जबड्याकडे बोट दाखवत म्हणाला. "तंबाखून जबडो खाल्ल्यान, डॉक्टरनीन नवो केल्यान." कंडक्टरसकट आजूबाजूची चार माणसं वाकून बघायला लागली. मी इतके महिने तोंड लपवत होते आणि हा माणूस आपला जबडा नवी सायकल दाखवावी तसा दाखवत होता.

त्याचं नाव बाबी. मिठबावचा पाडेली, माडावर चढून नारळ पाडणं हा त्याचा धंदा. एसटी बांद्याला दहा मिनिटं थांबली तेव्हा त्याने आम्हाला बळेच खाली उतरवून चहा घ्यायला लावला आणि स्वतः कांदाभजीची प्लेट माझ्यासमोर बसून खाल्ली. खाताना मला सारखं सांगत होता, "बघा, खातंय की नाय?" जबडा काढल्यावर नळीने जेवायचं, अशी त्याने मनाची तयारी केली होती. माडावर परत चढतोस का, असं ह्यांनी विचारलं तर हळूच म्हणाला, "डॉक्टरीण नको म्हणता. पण दोन बुटके माड चढान बघितलंय, तिका सांगा नकात." मग एकदम गंभीर होऊन माझ्याकडे वळला. "वैनीनू, डोळो शिवून घेव नकात. आज माजो दाखवचो दिवस. माज्यावांगडा चला, आदी माज्या डॉक्टरनीक दाखवा. ती नाय म्हणाली तर मगे शिवा."

त्याचा दाखवायचा दिवस तीन महिन्यांतून एकदाच यायचा, हे मला पुढे कळलं. आम्ही ठरल्याप्रमाणे बुधवारी निघालो असतो तर संध्याकाळपर्यंत टाके घालून परतही आलो असतो. त्याविषयी मी काही म्हणत नाही. जसं झालं तसं सांगितलं.

इस्पितळात पोचल्यावर डोळ्यांचा विभाग डावीकडे होता आणि बाबीच्या डॉक्टरणीचा प्लास्टिक सर्जरीचा विभाग उजवीकडे. ह्यांचे पाय डावीकडे वळत होते. बाबी कोणाला न विचारता थेट आत शिरला, आणि पाच मिनिटांनी एक ठेंगणी, चष्मा लावलेली डॉक्टरीणबाई त्याच्या पाठोपाठ बाहेर आली. तिने माझी ओढणी आणि चष्मा स्वतःच्या हाताने काढले. गाल चिमटीत धरून बघितला, मग दोन बोटं माझ्या जबड्यावर ठेवून म्हणाली, "दात घट्ट दाबा." मी दाबले. "परत दाबा." परत दाबले. ती म्हणाली, "चेहऱ्याची नस गेली आहे, पण चावायची नस शाबूत आहे. इतके दिवस कुठे होता तुम्ही?"

मग तिने कागदावर चित्र काढून समजावलं. गालातले जुने स्नायू इतक्या दिवसांत वाळून गेले, ते आता जागे होणार नाहीत. पण मांडीच्या आतल्या अंगाचा एक लांबट स्नायू घेऊन तो गालात बसवता येतो. त्याच्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या आणि त्याची नस चावायच्या नसेला जोडायची. नस वाढत वाढत जोड ओलांडून स्नायूपर्यंत पोचायला तीन-चार महिने लागतात. नंतर दात दाबले की ओठाचा कोपरा वर जातो. वरच्या पापणीत सोन्याचा छोटासा तुकडा बसवायचा, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, म्हणजे त्याच्या वजनाने पापणी आपोआप खाली येते. "हे सगळं होईलच असं मी लिहून देणार नाही," ती म्हणाली, "पण करण्यासारखं आहे." डोळ्यातली जखम तोवर चिघळू नये म्हणून तिने डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावून वेगळी औषधं आणि पट्टी सुरू करून दिली.

घरी येऊन पेटीतून मुंबईचं डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर सगळ्यात खाली लिहिलेलं होतं की चेहऱ्यासाठी प्लास्टिक सर्जनचा सल्ला घ्यावा. ते मी तेव्हा वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. प्लास्टिक सर्जरी म्हणजे नट्यांनी नाक सरळ करून घ्यायची गोष्ट, अशी माझी समजूत. खेड्यातल्या पन्नाशीच्या बाईला तिचं काय काम!

पण त्याहून मोठी अडचण माझ्या मनात होती आणि ती मी कोणाला बोलले नव्हते. मुंबईला ऑपरेशनला जाताना मी देवीकडे जीव मागितला होता. तिने तो दिला. आता हसू मागणं म्हणजे हाव नव्हे का? हे म्हणत होते, "जीव वाचलो, तां पुष्कळ झालां. परत कित्याक कापाकापी?" त्यांच्या आवाजात भीती होती, पण मला त्यात माझ्याच मनाचा आरोप ऐकू यायचा. डोळ्यासाठी ठीक आहे, पण गालासाठी, नटण्यासाठी?

नवरात्र तोंडावर आलं होतं. एके दुपारी मी एकटीच देवळात गेले. आमची सातेरी म्हणजे वारूळ. गाभाऱ्यात जमिनीतून वर आलेलं मातीचं मोठं वारूळ, त्याला नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. सणाला त्याच्यावर चांदीचा मुखवटा चढवतात. गुरव सभामंडपात बसून तोच मुखवटा चिंचेने घासत होता. मी त्याच्या समोर बसले आणि दुसरा फडका उचलला. बराच वेळ आम्ही दोघंही घासत होतो. देवीच्या डोळ्यांच्या कडा, नाकातल्या नथीची नक्षी, ओठ. तिचे ओठ किंचित हसरे घडवले आहेत, हे इतक्या जवळून मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"मुखवटो नसलो तर देवी कमी होता काय रे?" मी विचारलं.

"कमी कशी होतली? वारूळ म्हणजेच ती," गुरव म्हणाला. मग मुखवटा उजेडात धरून बघत म्हणाला, "पण सणाक लोकांका बघूक बरां वाटता. आणि तिकाय बरां वाटत असतला."

एवढंच. तो माझ्याबद्दल बोलत नव्हता, त्याला माझ्या मनातलं ठाऊकही नव्हतं. पण मी उठले तेव्हा माझ्यापुरता प्रश्न सुटला होता. देवीला चेहरा देताना आमच्या गावात कोणी कधी हाव म्हटलं नाही. घरी जाऊन ह्यांना सांगितलं, मी ऑपरेशन करून घेणार. हे काही बोलायच्या आत जाऊबाई चुलीपासून ह्यांना म्हणाल्या, "जांवदे तिका. मी भात वाढून घालतंय तुका, उपाशी मरूचस नाय."

दसरा झाल्यावर ऑपरेशन झालं. दहा तास लागले. शुद्धीवर आले तेव्हा मांडी आणि गाल दोन्हीकडे बांधलेलं. दिवसातून कितीतरी वेळा नर्स येऊन पेनासारखी एक कांडी माझ्या गालावर टेकवायची आणि तिला जोडलेल्या डब्यातून आवाज यायचा, फुस्स, फुस्स, फुस्स. मांडीचा तो स्नायू नव्या जागी जिवंत असल्याचा, त्यातून रक्त वाहत असल्याचा तो आवाज. पहिल्या दिवशी मी तो ऐकत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने कांडी टेकवली, सरकवली, पुन्हा टेकवली. आवाज अगदी बारीक येत होता. तिने लगेच फोन केला. डॉक्टरीणबाई धावतच आली, तिने स्वतः ऐकलं आणि म्हणाली, "शिरेत गुठळी झाली असणार. आत्ता परत आत न्यायला हवं. उशीर केला तर स्नायू जाईल."

त्या स्ट्रेचरवर मला जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. आयुष्यभर मी देवीशी करार केल्यासारखी बोलत आले. हे दे, मी ते करीन. हे राहू दे, त्याबदल्यात ते ने. तेव्हाही सवयीने तोंडात तेच यायला लागलं, की आई, एवढा स्नायू वाचव, मी... आणि पुढचं वाक्य मला सुचेना. देण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. माझी मांडी त्यांच्याकडे, माझा गाल त्यांच्याकडे, बोलता येत नव्हतं, हातसुद्धा सलाईनला बांधलेले. तेव्हा पहिल्यांदा मी काहीही न मागता म्हटलं, तुझंच आहे, बघ काय करायचं ते. निराशेने म्हटलं नाही. ओझं घेऊन चढण चढताना कोणीतरी मागून येऊन डोक्यावरचा भारा उचलून घ्यावा, तसं हलकं वाटलं. थिएटरच्या दारात डॉक्टरीणबाईने माझ्या कपाळावर हात ठेवला. तिचा हात गार होता.

दोन तासांनी मला बाहेर आणलं. मी जागी होत असतानाच कानाशी तो आवाज आला, फुस्स, फुस्स, भरदार. नर्स हसत होती. ह्यांनी बाहेरच्या बाकावर बसून दोन तास नुसतं ‘सातेरी, सातेरी’ केलं होतं, असं बाबीने नंतर सांगितलं. हो, बाबी आला होता. त्याचा दाखवायचा दिवस नव्हता. मिठबावहून दोन गाड्या बदलून, शहाळी घेऊन आला होता. अशा अनुभवांत मदतीला आलेला परका माणूस पुढे नाहीसा होतो, असं मी पुष्कळ वाचलं आहे. आमचा बाबी नाहीसा झाला नाही. तो देव नाही, हे मी खात्रीने सांगते, कारण तो फार बोलतो आणि त्याला डॉक्टरने नको सांगितलेलं सगळं करायचं असतं. पण देवाने पाठवलेल्या माणसाने शहाळी घेऊन येऊ नये, असं कुठे आहे?

डोळ्याचा गुण लगेच आला. पट्टी काढल्यावर मी उठून बसले आणि पापणी आपसूक खाली आली. "बायलेन दागिनो डोळ्यात घातल्यान," म्हणून ह्यांनी घरभर सांगितलं. आडवी झाल्यावर ते वजन फारसं उपयोगी पडत नाही, झोपताना मला अजूनही मलम लावावं लागतं. पण बसल्याजागी डोळा मिटतो, जखम भरली आणि नजर वाचली. त्या संध्याकाळी मी देवाजवळ बसले आणि दोन्ही डोळे मिटले. खूप वेळ मिटूनच ठेवले. आत काही दिसलं नाही, पण तो काळोख इतक्या महिन्यांनी दोन्हीकडे सारखा होता.

गाल मात्र गप्प होता. आरशासमोर बसून दात दाबायचे, दिवसातून चार वेळा, वीस वीस वेळा. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. काही हलायचं नाही. गाल जड आणि सुजलेला होता, आणि एकाआड एक दिवस मला वाटायचं की तो स्नायू आतल्या आत मेला. जाऊबाई समोर बसून माझ्याबरोबर दात दाबायच्या. एकटीने केलं तर मला कंटाळा येईल, असं त्यांचं म्हणणं. दोन म्हाताऱ्या आरशापुढे बसून दात खातायत, हे बघून ह्यांना हसू आवरायचं नाही.

पौषात आमच्या देवीची जत्रा असते. दुपारी ओटी भरून आम्ही दोघी जावा बाहेर आलो आणि जाऊबाईंनी दुकानावरून खाजा घेतला. आमच्याकडचा खाजा म्हणजे बेसनाच्या जाड शेवेला गूळ आणि आलं लावलेलं, चावायला कठीण. मी एक कांडी डाव्या दाढेखाली धरली आणि जोर लावला. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या हातातला पुडा खाली पडला.

"गो, तुजो गाल उडलो!"

"खंयचो?"

"उजवो गो, उजवो! परत चाव बघू!"

मी परत चावलं. त्यांनी बोट माझ्या गालावर दाबून धरलं होतं. त्यांच्या बोटाखाली माझ्या मांडीच्या स्नायूने उडी मारली. आम्ही दोघी जत्रेच्या गर्दीत, खाज्याच्या दुकानासमोर रडायला लागलो. दुकानदार घाबरून विचारायला लागला की खाज्यात काही निघालं का. जाऊबाईंनी त्याच्याकडून आणखी अर्धा किलो घेतला आणि मी त्या दुपारी दाढ दुखेपर्यंत खाजा चावत बसले. चावलं की उडायचा. चावलं की उडायचा.

उन्हाळ्यापर्यंत दात दाबले की उजवा कोपरा डाव्याच्या बरोबरीने वर जायला लागला. मिटलेल्या तोंडात ओठांना आधार आला, चहा सांडायचा थांबला. जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. मुलांनी ‘पतंग’ला ‘पतंग’च म्हटलं. मी फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ खडू शोधल्याचं नाटक केलं. पण एक गोष्ट राहिलीच होती. मला हसायचं असेल तर आधी ठरवायला लागायचं. दात दाब, मग हसू. कोणी काही गमतीचं बोललं की मी डावीकडून आधी हसायची, मग आठवण होऊन दात दाबायची आणि उजवी बाजू मागून यायची. डॉक्टरीणबाईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "मेंदू शिकेल. कधी शिकेल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही सराव करा, आणि मग विसरा." सराव मला जमत होता. विसरणं कसं करायचं, हे कळत नव्हतं.

जुलैतल्या एका रविवारी आमच्या वरच्या मळ्यात लावणी चालू होती. मी, जाऊबाई आणि दोन बाया ओळीने वाकून तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावत होतो. हे बांधावरून तरव्याच्या जुड्या फेकत होते आणि एकीकडे बायांना लावणी कशी करावी याचं शिक्षण देत होते. बोलता बोलता मोठ्या ऐटीने एक पाऊल मागे टाकलं, बांध संपला होता, आणि हे पाठीवर सपशेल चिखलात. नुसतं तोंड आणि जुडी धरलेला एक हात वर. त्या अवस्थेतही ते म्हणाले, "असां लावूचां नाय, तां सांगी होतंय."

आम्ही चौघी हसत सुटलो. मी कमरेवर हात ठेवून, मान मागे टाकून हसत होते, पोट दुखायला लागलं तरी थांबत नव्हते. मग माझ्या लक्षात आलं की जाऊबाई हसायच्या थांबल्या आहेत आणि माझ्या तोंडाकडे बघतायत.

"काय झालां?" मी विचारलं.

"गो, तू हसलंस," त्या म्हणाल्या. "दोनीकडून. एकदम."

माझं तोंड सताड उघडं होतं. उघड्या तोंडाने दात दाबता येत नाहीत.

मी पुष्कळ केलं होतं. चारदा वीस वीस वेळा, आठ-नऊ महिने. डॉक्टरीणबाईने दहा तास उभं राहून केलं, बाबीने एसटीत पॅन्ट वर करून केलं, जाऊबाईंनी माझ्यासमोर बसून स्वतःचे दात झिजवून केलं. ते सगळं केलंच पाहिजे होतं, त्यातलं काही कमी करून चाललं नसतं. पण त्या दुपारचं हसू माझ्या प्रयत्नाने आलं नाही. मी त्याची आठवणही ठेवली नव्हती. आपल्या वाट्याचं काम मनापासून करावं आणि नंतर मूठ सोडून द्यावी, एवढंच मला समजलं. जे यायचं ते उघड्या हाताशी येतं. सातेरी आईने ते मला शब्दांत कधी सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा तिला कोड्यात टाकणारे प्रश्न विचारले नाहीत.

मी देवळाच्या दिशेला वळले आणि कोपरापर्यंत चिखलाने भरलेले हात, त्यात तरव्याची जुडी, तसेच जोडले. दोन्ही डोळे मिटले.

"गो, आदी माका उठव," हे चिखलातून ओरडले, "मगे देवीक हात जोड!"

आणि मी पुन्हा हसले.